बिनआवाजाची बस

पहिला दगड मागच्या काचेवर बसला, दुसरा थेट आत आला. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याचं कपाळ फुटलं आणि त्याच्या गळ्यातलं वाहतूक परिषदेचं ओळखपत्र लाल झालं. शहर बससेवेची अधिकारी विशाखा हातात माईक धरून तशीच उभी राहिली. सकाळपासून तिनं पाहुण्यांना चार्जिंग डेपो दाखवला होता, नवे सिग्नल दाखवले होते. दौलताबादपर्यंतची ही फेरी खास मिरवायची होती. ही विजेवरची बस इतकी गुपचूप चालते की पुढच्या माणसाला पत्ता लागत नाही, असं ती परतताना कौतुकानं सांगत होती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पत्ता खरंच लागला नाही. पडेगावच्या अलीकडं रस्त्याच्या कडेनं कडूबा धनगर तीनशे मेंढरं घेऊन चालला होता. धनगराचे डोळे मेंढरांवर असतात, मागचा रस्ता तो कानानं बघतो. गाडी ऐकू आली की तो शीळ घालतो. शीळ ऐकली की पुढचा बोकड कडेला होतो आणि बोकडाच्या गळ्यातल्या घंटेमागं सगळा कळप सरकतो. आज गाडी ऐकू आली नाही, म्हणून शीळ वाजली नाही. ऐन वळणावर बोकड रस्त्यात आला. ड्रायव्हर शिवशंकर ब्रेकवर अक्षरशः उभा राहिला, पण बोकड आणि चार मेंढ्या चाकाखाली गेल्याच.

टपऱ्यांवरची माणसं धावून आली. मेंढरं कुणाची, याच्याशी त्यातल्या निम्म्यांना काही देणंघेणं नव्हतं. हात शिवशिवत होते आणि आयतं कारण मिळालं होतं. त्यांनी शिवशंकरला कॉलर धरून खाली ओढलं. पन्नाशीचा माणूस, पंचवीस वर्षं स्टिअरिंगवर, आजवर एका माणसाला खरचटू दिलं नव्हतं. पहिल्याच लाथेत तो गुडघ्यांवर आला. एकानं कुठूनशी लोखंडी कांब आणली. ती खांद्यावर बसली तेव्हा हाड मोडल्याचा आवाज बसमधल्या सगळ्यांना ऐकू आला.

“हॉर्न का नाय वाजवला रे? झोपला व्हता का?” कांबवाला विचारत होता आणि उत्तराची वाट न बघता मारत होता.

शिवशंकरनं एकदाच मान वर करून काचेतून विशाखाकडं बघितलं. सकाळी बस निघायच्या आधी तो म्हणाला होता, “मॅडम, पडेगावकडं मेंढरं असतेत. तिथं हॉर्न लागतोच.” आणि ती हसून म्हणाली होती, “आज पाहुणे आहेत, शिवशंकरमामा. आज हॉर्नला हातसुद्धा लावायचा नाही.”

तिचं नाव घेतलं असतं तर त्याची सुटका झाली असती. तो नाव घेत नव्हता.

“खाली बसा, मॅडम. पोलिसांना फोन केलाय,” डेपोचा सुपरवायझर ऋतुराज सीटखालून म्हणाला. खाली बसणं सोपं होतं. कुणाला कधी काही कळलंही नसतं. पण कांब पुन्हा वर गेली तशी ती दार उघडून उतरली.

“त्यांना सोडा. हॉर्न वाजवू नका असं मी सांगितलं होतं.”

कुणाची तरी चपराक तिच्या तोंडावर बसली. ओठ फाटला. ती बसच्या पुढच्या चाकाशी, मेलेल्या बोकडाशेजारी पडली. कांबवाला तिच्याकडं वळला.

“बाजूला व्हा,” मागून आवाज आला. “मेलंय ते माझं हाय.”

कडूबा होता. अर्धमेल्या मेंढ्यांना स्वतःच्या हातानं मान तोडून वेदनांतून सोडवून आला होता. कोपरापर्यंत रक्त होतं, हातात कुऱ्हाड होती. गर्दीनं त्याला वाट दिली. आता खरा हिशेब होणार म्हणून काहींनी मोबाईल वर धरले. कडूबानं विशाखाकडं बराच वेळ बघितलं आणि कुऱ्हाड उचलली. तिनं डोळे मिटून घेतले.

घाव तिच्या कानाजवळ पडला. तिनं डोळे उघडले. बोकडाच्या गळ्यातला पट्टा तुटला होता आणि पितळी घंटा कडूबाच्या हातात होती.

“ह्या माणसाला दवाखान्यात न्यायला पाह्यजे,” शिवशंकरकडं बोट करत तो म्हणाला. “मेंढरं हलल्याबिगर बस हलायची नाय. अन् घंटा वाजल्याबिगर मेंढरं हलायची नायत.”

खरंच, बसभोवती गच्च दाटलेला कळप तसूभरही हलला नव्हता. कडूबानं घंटा तिच्या हातात कोंबली.

“आवाज तूच बंद केला ना, बाई? मग तूच वाजव. कडंनं पुढं चाल. मागून मी हाकतो.”

ती उठली. ओठातलं रक्त गिळत, घंटा वाजवत रस्त्याच्या कडेनं चालू लागली. आधी एक मेंढी हलली, मग दहा, मग सगळी. कांबवाल्याच्या गुडघ्यांना धडका बसू लागल्या तसा तोही बाजूला झाला. पाहुण्यांपैकी दोघांनी शिवशंकरला उचलून बसमध्ये आडवं केलं. ऋतुराज स्टिअरिंगवर बसला.

रस्ता मोकळा झाला. विशाखानं घंटा मुठीत दाबून धरली आणि कान दिला. मेंढरांच्या खुरांखेरीज काही ऐकू येत नव्हतं. शिवशंकरमामांचं रक्त वाहतंय आणि हा ऋतुराज बस सुरू का करत नाही, या विचारानं तिचा जीव तुटत होता. दोन पावलं रस्त्यात सरकून ती मागं वळणार, इतक्यात बस तिच्या कोपराला घासून पुढं निघून गेली.