पाण्यात बघितलेलं घड्याळ

शिवबाई सुनेला पाण्यात बघते, हे आख्ख्या गल्लीला पाठ होतं. त्यामुळे चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत ती आपणहून जगदेवीला घेऊन नव्या पेठेतल्या घड्याळाच्या दुकानाकडे निघाली, तेव्हा गल्लीनं कान टवकारले. कारण पोटापाण्याचं होतं. जगदेवी रंगाच्या कारखान्यात सुताच्या लडी हौदात बुडवायची. लड जरा जास्त वेळ राहिली की रंग बिघडायचा, आणि पुन्हा असं झालं तर घरी बसायचं, असं मालकानं बजावलं होतं.

दुकानदारानं एक घड्याळ सरळ पाण्याच्या ग्लासात सोडलं. "वॉटरप्रूफ आहे, मावशी."

"ऱ्हाऊ दे तितंच," शिवबाई म्हणाली. "आत थेंब जरी शिरला तरी घेणार न्हाय."

चहा आला, संपला. शिवबाईनं ग्लासावरची नजर काढली नाही. जगदेवीनं पदराचं टोक चावून चावून ओलं केलं. शेवटी सासूच लहान पोरीसारखी ओरडली, "अगं, चालू हाय की! इतका येळ पाण्यात बघितलं, तरी बंद पडलं न्हाय!"

"न्हाईच पडायचं, आत्या," जगदेवी खुशीत बोलून गेली. "माज्यासारकंच हाय ते."

दुकानदाराला ठसका लागला. शिवबाईनं सुनेकडं एकदा नीट पाहिलं, घड्याळ बाहेर काढलं, लुगड्याला पुसलं आणि स्वतःच्या हातानं तिच्या मनगटावर बांधलं.

"ऱ्हाऊ दे हितंच," ती म्हणाली. "आमच्या घरात असलंच टिकतंय."