फळीचं दुसरं टोक

फळी पुन्हा कलली. रंगाचा डबा घसरत जाऊन मुलीच्या मांडीला टेकला. तिने एका हाताने डबा अडवला आणि दुसऱ्या हाताने दोर घट्ट धरला. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून कुणीतरी दचकून बाहेर पाहिलं.

"तुला घाई कसली असते गं?" रंगारी ओरडला. "मी 'सोड' म्हटलं की वीतभर सोडायचा. तू हातभर सोडतेस."

"वीतभरच सोडला, बाबा."

"मग फळी काय उंदराने ओढली?"

खालून मुकादमाने आवाज दिला, "काय हो रंगारी, झोके घेताय की रंग देताय?" खालची माणसं हसली. मुकादम मात्र हसत नव्हता. "आज ही भिंत नीट उतरलात तर ठीक. नाहीतर उद्या दुसरी टोळी बोलावतो. कुणी पडलं तर मी काय तोंड दाखवू?"

पावसाळ्यानंतरचं हे पहिलंच काम होतं. रंगाऱ्याची बायको पावसाळ्यात वारली. लग्न झाल्यापासून फळीच्या एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला ती. गच्चीवरच्या कप्पीतून आलेला आपापला दोर प्रत्येकाच्या हातात. एक पट्टा रंगवून झाला की तो 'सोड' म्हणायचा आणि दोघं वीतभर खाली यायची. पावसाळा सरताना दोर ओल धरून असतो, कप्पीत अडकतो. उन्हाळ्याच्या तोंडावर तोच दोर सुळकन पळतो. पण दिवस कुठलेही असोत, त्याची फळी कधी कलली नाही. त्याच्या फळीवर काठोकाठ भरलेली वाटी ठेवा, थेंब सांडणार नाही, असं धंद्यातली माणसं म्हणत. आवाज त्याचा असायचा, त्यामुळे कौतुकही त्याचंच व्हायचं.

ती गेल्यावर या कामाला त्याने काल आधी मेहुण्याला वर घेतलं. मेहुणा दुपारीच खाली उतरला. "दाजी, मला लेकरंबाळं आहेत," एवढंच बोलून चपला घालून निघून गेला. मग मुलगी म्हणाली, मी येते. ती आजवर घरांच्या आतल्या खोल्या रंगवायची. उंचीची तिला भीती नव्हती. त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं, आज जमलं नाही तर दोर आणि फळी विकून टाकायची आणि जमिनीवर उभं राहून फाटकं रंगवायची.

"सोड," तो म्हणाला.

फळी पुन्हा तिच्याच बाजूला गेली. या वेळी मुलीने डब्याकडे पाहिलंच नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

"बाबा, अजून एकदा म्हणा. मी दोर सोडणार नाही. नुसती बघते."

"आता बापाची परीक्षा घेणार का?"

"म्हणा तर."

तो 'सोड' म्हणाला. त्याची बाजू वीतभर खाली गेली.

"हात मागून सुटतो तुमचा," ती म्हणाली. "तोंडातून शब्द आधी येतो, मूठ नंतर उघडते. मनगट मोडलं होतं ना, तोच हात."

"काहीतरीच बोलू नकोस. मग इतकी वर्षं फळी सरळ कशी उतरली?"

मुलीने डबा मांडीपासून दूर सारला.

"लहान असताना मी खाली रंग कालवत बसायचे. आई वरून सारखी तुमच्याकडे बघायची. बायका तिला चिडवायच्या, नवऱ्यावरून हिची नजर हटत नाही म्हणून. आठवतं?"

त्याला आठवत होतं. बायकांचं ते चिडवणं कानावर आलं की तो मिशीतल्या मिशीत हसायचा.

"ती हाताकडे बघायची, बाबा. तुमची मूठ उघडली की मग आपला दोर सोडायची."

त्याने मनगटाकडे पाहिलं. प्लास्टर निघालं त्याच दिवशी तो फळीवर चढला होता. काही झालेलं नाही, पहिल्यासारखा आहे हात, असं त्यानेच बायकोला सांगितलं होतं. त्यानंतर ओला दोर आला, कोरडा आला, किती पावसाळे गेले आणि किती उन्हाळे. ती प्रत्येक वेळी त्याच्या मुठीसाठी थांबली आणि हातातला ब्रशही तिने थांबू दिला नाही.

त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण त्याचा ऊर भरून आला. आपली बायको काय तयारीची कारागीर होती, हे त्याला आज चौथ्या मजल्यावर बसून कळत होतं.

"मीपण तुमच्या हाताकडे बघत जाईन," मुलगी म्हणाली.

"नको. तुझी नजर भिंतीवर असू दे. आता 'सोड' तू म्हणायचं."

"मी?"

"मग काय, मुकादमाला वर बोलावू? आणि जरा मोठ्याने म्हण."

ती म्हणाली. फळी बोटभर कलली. दुसऱ्या वेळी त्याहून कमी. शब्द तोंडातून निघायच्या आधी तिचा खांदा किंचित वर येतो, हे त्याने तोवर हेरलं होतं. खांदा हलला की तो मनगट सैल करू लागला. त्यात त्याचं स्वतःचं रंगवणं जरा मागे पडलं. पण तिसरा मजला सरळ उतरला. दुसराही. ऊन कलायच्या आत फळी जमिनीला टेकली, दोन्ही टोकं एकदम.

मुकादम हात पुढे करून आला. "मानलं पोरी तुला! काय तोल राखलास! रंगारी, तुमच्यापेक्षा सवाई निघाली ही."

मुलगी लाजून हसली. गालावरचा रंग तिने बाहीने पुसला आणि तो आणखीच पसरला. मुकादम म्हणाला ते तिला खरं वाटलं होतं.

रंगारी दोर गुंडाळत राहिला. तो काही बोलला नाही. त्याची बायकोही कधी बोलली नव्हती.