हसूसुद्धा ठेवा

साऊंडवाल्याने हेडफोन पुढे केले आणि अभिनेत्रीने ते कानाला लावले. जुनं ध्वनिमुद्रण होतं, खरखर होती, पण सरांचा आवाज लगेच ओळखू येत होता. हवं ते वाक्य आलं, तसे तिने हेडफोन काढून ठेवले.

"एवढंच. आणि त्यापुढचं हसूसुद्धा ठेवा. लोक कसे खिदळले होते, ते कळू दे सगळ्यांना."

"बाई, पुढचं एकदा ऐकून घेता का?" तो म्हणाला.

"मी तिथेच होते," ती म्हणाली. "अजून कानातून जात नाही ते."

त्याने तुकड्यावर खूण करून ठेवली. एवढ्या मोठ्या बाईंपुढे कोण बोलणार?

त्या सभागृहात दर महिन्याला एक विचारवंत आणि एक कलावंत समोरासमोर बसून बोलायचे. समाज, संस्कृती, कला, जे सुचेल त्यावर. सगळं ध्वनिमुद्रित व्हायचं. आणि तिथली एक रीत होती. शेवटी कलावंताने आधीच्या कुठल्याही कार्यक्रमातला एक तुकडा निवडायचा, तो सगळ्यांना ऐकवायचा आणि समोरच्याने त्यावर बोलायचं. काय निवडलंय ते आधी सांगायचं नाही. बहुतेक पाहुणे गोडगोड काहीतरी निवडायचे. अभिनेत्रीने मात्र आमंत्रण स्वीकारलं ते या रीतीसाठीच, आणि या वेळी समोर विचारवंत म्हणून सर बसणार होते म्हणून.

तिचा दादा चित्रकार होता. होता, असंच म्हणायचं. तरुणपणी याच मंचावर, याच सरांसमोर त्याला बसवलं होतं. मागे त्याने काढलेलं आईचं चित्र. सर ते न्याहाळत म्हणाले होते, घरात भिंतीला ओल आली असेल तर झाकायला हे फार उपयोगी पडेल. सभागृह हसून हसून लोटपोट झालं. दादा दिव्यांच्या झोतात बसलेला, समोर सगळा अंधार. त्याला कोणाचा चेहरा दिसत नव्हता, नुसतं ऐकू येत होतं. ती मागच्या रांगेत होती, दादापेक्षा तीच जास्त घाबरलेली. त्या दिवसानंतर त्याने ब्रश हातात धरला नाही. आता तो दुसऱ्यांच्या चित्रांना चौकटी करून देतो.

तेव्हा ती नाट्यशाळेत शिकत होती, काळं कुत्रं तिला विचारत नव्हतं. आज तिच्या नावावर नाटकं चालतात, आणि निम्मं नाव तर नुसत्या हसण्यावर. खालून चढत जाणारं, शेवटी उचकी लागल्यासारखं अडकणारं ते हसू ऐकायला लोक तिकीट काढतात. लहानपणी त्याच हसण्याने तिला मारही खायला लावला होता. घाबरली की तिला हसूच यायचं. आई स्टुलावरून पडली, तेव्हाही बाईसाहेब हसल्या होत्या.

बेत सांगायला ती दादाकडे गेली, तेव्हा तो चौकटीला खिळे ठोकत होता. राहू दे ना, म्हणाला, झालं गेलं, आता कशाला उकरून काढतेस. ती भडकली. तू असशील भोळा सांब, मी नाही. त्या माणसाने तुझा हात तोडला, आणि जे जे त्या दिवशी हसले ते सगळे त्या पापाचे वाटेकरी आहेत. एकालाही सोडणार नाही मी.

"सहन नाही व्हायचं ते ऐकून," दादा म्हणाला.

"त्यांनाच ना? तेच हवंय मला."

दादाने पुढचा खिळा उचलला. तिने फारच गळ घातली, तेव्हा यायला तेवढा तयार झाला.

कार्यक्रम छान रंगला. सर आता म्हातारे झाले होते, पण जिभेची धार तशीच. तिने त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं ठरवलंच होतं. त्यांच्या प्रत्येक कोटीवर ती मनमोकळी हसली, आणि तिच्यामागून सगळं सभागृह हसलं. सर खुशीत आले.

"तुम्ही हसलात की माझा पडेल विनोदसुद्धा तरून जातो," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. ती मान लववून हसली. मनात म्हणत होती, चढ बाबा, अजून वर चढ.

शेवटी तुकडा ऐकवायची वेळ आली. तिने माइक जवळ ओढला. आज मी गोड काही आणलेलं नाही, ती म्हणाली. हा तुकडा माझ्या भावाचा आहे, आणि माझा भाऊ पहिल्या रांगेत बसलाय. सरांनी एका वाक्यात एक चित्रकार कसा संपवला, ते ऐका.

"आणि त्यानंतरचं हसणंही नीट ऐका," ती म्हणाली. "तेव्हा हसलेलं कोणी आज इथे असेल, तर त्याने आपला आवाज ओळखावा."

सरांनी चष्मा काढून हातात घेतला.

खरखर सुरू झाली. सरांचा तरुण आवाज आला आणि भिंतीच्या ओलीचं ते वाक्य म्हणून गेला. मंचावरच्या म्हाताऱ्या सरांची मान खाली गेली. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर घडत होतं, आणि ती डोळे भरून बघत होती.

पण ध्वनिमुद्रणात कोणी हसलंच नाही. वाक्य तसंच लोंबकळत राहिलं. कोणीतरी खाकरलं, एक खुर्ची करकरली. विनोद पडला होता.

मग लांबून, मागच्या रांगेतून, एकटंच एक हसू आलं. खालून चढत गेलं आणि शेवटी उचकी लागल्यासारखं अडकलं. त्याच्यामागून सगळं सभागृह हसलं.

एकेक करून माना सरांकडून तिच्याकडे वळल्या. दादाने तेवढी मान वर केली नाही. ते हसू त्याने त्याच दिवशी ओळखलं होतं.