संघपालचं फोल्डर

पहिली लाथ लोटनने बरगडीत घातली, दुसरी भूपेंद्रभाऊने थेट तोंडावर. लोटन मालकाचा धाकटा भाऊ आणि भूपेंद्रभाऊ स्वतः कापसाच्या जिनिंग मिलचा मालक. अशी कामं तो नोकरांवर सोपवत नाही, एवढं मात्र त्याचं कौतुक करायला हवं. संघपाल कॉम्प्युटरच्या खुर्चीवरून रुईच्या ढिगाशी जाऊन पडला.

"दोंडाईचाना मिलवालाले मन्हा प्रोग्राम इकस का रे, चोर?" भूपेंद्र ओरडला.

प्रोग्राम संघपालनेच केला होता. मागच्या हंगामात इथल्याच रोलरमध्ये त्याच्या आईची, द्रौपदाबाईची, बोटं गेली. तेव्हा त्याने कॅमेरा लावला. रोलरपाशी हात दिसला की मिलची वीजच तुटायची. दोंडाईचालाही बायका रोलरवर बसतात, म्हणून त्याने तोच प्रोग्राम बसवता येईल असं लिनक्सचं पॅकेज बांधून तिकडे फुकट दिलं. तिकडे ते चाललंच नाही. तेव्हा त्याला आपला घोळ कळला. प्रोग्रामला लागणारे रुबी या प्रोग्रामिंग भाषेतले तयार तुकडे, म्हणजे जेम, पॅकेजमध्ये गेलेच नव्हते. इथे धरणगावला ते त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये पडून होते, म्हणून इथे सगळं सुरळीत. ते मिलच्या कॉम्प्युटरवरच्या सामाईक जागी हलवायला तो सकाळीच आला आणि तावडीत सापडला.

भूपेंद्रने ऑफिसातल्या मेघाला बोलावलं. "याना नावनं बठ्ठं पुसी टाक."

"भाऊ, माझं फोल्डर पुसू नका. मशीन त्याच्यावरच थांबतं. कुणाचा तरी हात जाईल."

लोटनने पुन्हा लाथ घातली. एक दात जिभेवर आला. मेघाने रडत रडत फोल्डर पुसलं आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

रोलर फिरतच होते, पण त्यांच्यावरच्या बायका उठून बाजूला झाल्या. भूपेंद्र हसला. त्याने बाही सारली आणि हात रोलरकडे नेला. खटकन वीज गेली, रोलर थांबले.

"देखा? चालू शे ना?"

चालणारच होतं. सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हाच जेम त्याच्या मेमरीत चढले होते. आता विजेबरोबर तोही बंद पडला आणि मेमरी कोरी झाली. लोटनने स्विच वर केला. रोलर फिरू लागले. कॉम्प्युटरही आपोआप सुरू झाला आणि थोड्या वेळाने पडद्यावर लाल अक्षरं उमटली. जेम सापडत नव्हते.

संघपाल कोपरावर उठला. "भाऊ, आता तरी..."

भूपेंद्रने त्याच्या कानाखाली वाजवली. "आते एक शबद बोलना ते जीभ उपटी टाकसू."

बायका अजून जागेवर बसायला तयार नव्हत्या. भूपेंद्र चिडून पुन्हा रोलरकडे वळला. या वेळी त्याने बाही पार कोपराच्या वर सारली.

पडदा फक्त संघपालला दिसत होता. त्याने तोंडातलं रक्त गिळलं आणि भूपेंद्रभाऊचं ऐकलं.