पुढच्या वर्षीचा नारळ

साधनानं पदर पुढे केला, ऋचानं त्यावर नारळ धरला, आणि तिचे हात काही सुटेनात.

कीर्तन नुकतंच संपलं होतं. शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या. ऋचाच्या हॉलमध्ये बुक्क्याचा वास आणि माणसांची ऊब कोंडली होती. सिंगापूरच्या या मराठी मंडळींचा शिरस्ता साधा. ज्या घरी यंदाचं कीर्तन, तिथल्या बाईनं पुढच्या वर्षीच्या यजमानिणीच्या पदरात नारळ घालायचा. नारळ पदरात पडला की ते घर देवाला बांधलं गेलं. साधनाला हा नारळ कितीक वर्षं हवा होता, पण भाड्याच्या दोन खोल्यांत कीर्तनाला उभं राहायला जागा कुठली? आता बिशान भागात घर ठरलं होतं. उद्या, सोमवारी, तिचे यजमान पद्माकर खरेदीच्या कागदांवर सही करणार होते. हॉल एवढा मोठा आहे की कीर्तनकार बाईंना गिरकी घेता येईल, असं साधना दुपारपासून भेटेल त्याला सांगत होती. ती सांगू लागली की ऋचा पाणी आणायला आत जात होती.

ऋचा वकील. कोर्टाचं तोंड न पाहिलेली वकील, असं मंडळी तिला चिडवत. तांजोंग पगार भागातल्या ज्या अमेरिकन फर्ममध्ये ती होती तिथं भांडणं नसत, सौदे असत. कुणी कंपनी विकायची, कुणी घ्यायची, कागद यांनी करायचे. ती लागली तेव्हा फर्म अर्ध्या मजल्यावर मावत होती. आता तीन मजले झाले होते, न्यूयॉर्कहून नवी नवी माणसं येत होती, आणि सगळ्यात वर काचेची एक खोली होती, जिचं दार मोजक्याच कार्डांनी उघडायचं. त्यांतलं एक कार्ड ऋचाचं. पद्माकर जिथं नोकरीला होते, ती कंपनी त्या खोलीत विकली जात होती. गुरुवारी जाहीर होणार. घेणाऱ्याला सिंगापूरचं ऑफिस नकोच होतं. पद्माकरांसकट सगळं अकाउंट्स खातं घरी बसणार. ही गोष्ट खोलीबाहेर फुटली तर नोकरी जाते, वर वकिलीची सनदही जाते. ऋचानं नवऱ्यालासुद्धा अवाक्षर सांगितलं नव्हतं.

आणि आज सुचित्राबाईंनी नेमकं वाणीच्या संयमावर निरूपण लावलं होतं. बाई पुण्याहून आलेल्या, साठी उलटलेल्या, पण आवाज असा की झांजेनं लाजावं. “देवानं जिभेला दातांचा तट दिला, वर ओठांची दारं लावली,” त्या म्हणाल्या होत्या. “एवढा बंदोबस्त दुसऱ्या कुठल्या इंद्रियाला आहे का, सांगा बरं.” सगळे हसले होते. ऋचाही हसली होती.

“अगं, सोड की आता,” सुचित्राबाई म्हणाल्या. “देताना मूठ आवळू नये.”

ऋचानं बोटं सैल करून पाहिली. नारळ जरासा कलला, आत पाणी डुचमळलं, आणि बोटं पुन्हा आवळली.

“साधना,” ती म्हणाली, “पुढच्या वर्षीही माझ्याकडेच होऊ दे.”

साधनाला आधी थट्टाच वाटली. “का गं? बिशानला देव यायचा नाही? त्याला तुझ्यासारखा काँडोच लागतो वाटतं, स्विमिंग पूलवाला.”

मंडळी हसली. पण नारळ काही पदरात येईना, तसं हसू ओसरलं. साधनाची राधिका आईला चिकटून उभी होती. ती सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “आँटी, नेक्स्ट इयर अवर टर्न, लाह.”

खरं ते ऋचाच्या दातांशी येऊन थांबलं होतं. खोटं काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी, तर तेही सुचेना. एरवी दुसऱ्यांसाठी कलमांतून पळवाट काढणं हाच तिचा धंदा.

साधनानं पदर मागे घेतला आणि कमरेला खोचला. “राहू दे,” ती म्हणाली. “आमच्याकडे यायचं देवाच्या मनात नसेल, तर आपण काय करणार?”

या वेळी कुणी हसलं नाही. साधनाचे डोळे भरलेले ऋचाला दिसत होते. पाच वर्षांपासूनची मैत्रीण हाताच्या अंतरावर उभी होती, आणि दोघींच्या मध्ये तो नारळ.

कीर्तनाला पेटीची साथ नेहमी पद्माकरांची असे. ते अजून पेटीपाशीच बसले होते. त्यांनी आधी नारळाकडे पाहिलं, मग ऋचाच्या चेहऱ्याकडे, आणि तिथंच त्यांची नजर अडकली.

“ऋचा,” ते हळूच म्हणाले, “सध्या ऑफिसात काम फार आहे का तुला?”

कुणीही कुणालाही रोज विचारतं, तसलाच प्रश्न. नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“आरती लावा कुणीतरी,” ऋचा म्हणाली.

निरांजन पेटलं. सुचित्राबाईंनी सूर धरला, मंडळी उठून उभी राहिली, टाळ्या सुरू झाल्या. ऋचाला टाळी वाजवता येईना. दोन्ही हातांत नारळ होता. पद्माकरांचे हात मोकळे होते, पुढ्यात पेटी उघडी होती, आणि ती वाजत नव्हती.