पहिल्या पाण्याचा मान

धर्मराजनं सिंकखालचा शेवटचा नट आवळला आणि पडल्यापडल्याच कान दिला. बाहेर हलगी वाजत होती. भांडी घासायच्या नळाच्या उद्घाटनाला हलगी! पण गावपुढारी अमरसिंहरावांचं सगळं असंच. बोअर पाडा, टाकी बांधा, नाहीतर स्मशानात पत्रे टाका, नारळ फोडणार तेच. आणि पाण्याचं काही असलं, की पहिलं पाणी तळहातावर घेऊन डोळ्यांना लावणारही तेच. हा मान त्यांनी आजवर सख्ख्या भावालाही दिला नव्हता.

धर्मराजचा सगळा भरवसा या एका खोडीवर होता.

वडवणी रोडवरच्या अमरसिंहरावांच्या मंगल कार्यालयात स्टीलचं तीन खणांचं नवं सिंक आलं होतं. वर स्प्रिंगचा उंच स्प्रे, खाली खरकटं अडवणारी जाळी, मागं बॉयलर. पुण्यात हॉटेलांची किचनं बसवून आलेला फिटर तालुक्यात एकच, म्हणून काम धर्मराजकडं आलं. तो भिवराबाईचा मुलगा आहे, हे अमरसिंहरावांच्या गावीही नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एका लग्नात भिवराबाई याच जागी उकिडवी बसून भांडी घासत होती. थंडीनं बोटं चिरली होती. "दादा, जरा कोमट पाणी मिळंल का?" एवढंच तिनं विचारलं. अमरसिंहराव पाहुण्यांच्या घोळक्यात उभे होते. "भिवरीला ऊन पाणी पायजे व्हय? घे की!" म्हणत त्यांनी आधणाचं पातेलं पायानं तिच्या पुढ्यात लवंडलं. तिचा डावा हात मनगटापर्यंत सोलला. "आली का ऊब?" अमरसिंहरावांनी विचारलं, आणि पाहुणे हसले. साक्ष द्यायला मात्र एकही मायेचा पूत फिरकला नाही. त्या हाताची बोटं अजून मिटत नाहीत. भाकरी ती एका हातानं थापते.

काल दुपारी धर्मराजनं गरम आणि थंड पाणी बेतानं मिसळणारा पितळी व्हॉल्व्ह काढून पिशवीत टाकला. थंड पाण्याची लाइन बंद केली. बॉयलरचा पाइप सरळ स्प्रेला जोडला. आठ दिवसांमागं तोच व्हॉल्व्ह त्यानं कौतुकानं आईला दाखवला होता. "आई, हे बसवलं का कुणाचाच हात भाजत न्हाई." तिनं तो उलटसुलट करून बघितला, पदरानं पुसला आणि परत दिला. तेव्हा त्याच्या मनात काही नव्हतं. उद्घाटन ठरल्याचं कानावर आलं आणि त्याचं डोकं फिरलं.

लोक आत आले. अमरसिंहरावांनी नारळ फोडला. मोबाइल वर झाले. धर्मराज भिंतीला टेकून उभा राहिला. बारा वर्षं घोळवलेले शब्द जिभेवर तयार होते. आली का ऊब?

अमरसिंहरावांचा हात स्प्रेपर्यंत गेला आणि थांबला. निवडणूक तोंडावर आली होती.

"आज पहिल्या पाण्याचा मान आपला न्हाई," ते मोबाइलकडं बघत म्हणाले. "जिनं हितं वर्षानुवर्षं भांडी घासली, त्या आपल्या भिवराबाईंचा!"

बायांच्या गर्दीतून भिवराबाई पुढं आली. अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं. तिनं लेकाकडं बघितलंसुद्धा नाही. उजव्या हातात स्प्रे धरला आणि डावा, तोच डावा हात, त्याच्याखाली पसरला.

ओरडावं तर सगळं उघडं पडतंय. न ओरडावं तर आई! तिचा अंगठा खटक्यावर गेला. धर्मराज झेपावला आणि आपला पंजा मध्ये घातला.

भस्सकन वाफ उठली. धर्मराज गुरासारखा ओरडला. भिवराबाईनं स्प्रे सोडला.

"फिटर हाय का कोण बे तू?" अमरसिंहराव चार पावलं मागं उडी मारून खेकसले. "तपासून तरी बघायचं, येड्या! आता मपला हात गेला असता!"

भिवराबाईनं लेकाला ओढत मागच्या हौदावर नेलं आणि त्याचा हात थंड पाण्यात बुडवला. तो रडत होता. दुखणं थोडं, संताप जास्त.

"कावून आलीस तू हितं? कावून बोलावलं त्यानं तुला आजच?"

भिवराबाईनं पदराची गाठ सोडली. आत पितळी व्हॉल्व्ह होता.

"सकाळी तुज्या पिशवीत भाकर ठेवाया गेले, तवा घावला. त्यानं न्हाई बोलावलं. मीच जाऊन मान मागितला. फोटू निघंल म्हणलं का लगेच हो म्हणला." ती त्याच्या हातावर पाणी घालत राहिली. "त्याचा हात सोलला असता तर मला लई गोड लागलं असतं, खोटं कशाला बोलू? पर त्याच्यापायी मपलं लेकरू जेलात घालू व्हय? हे घे. हात निवला का जाऊन बसव."

धर्मराजनं तिच्या न मिटणाऱ्या बोटांकडं बघितलं.

"अन् मी मधी हात घातला नसता तर?"

"बारा वर्षं झाली," भिवराबाई म्हणाली, "जेवताना तू ताटाकडं बघत न्हाईस, माज्या हाताकडं बघतोस. मला ठावं होतं."