थोरलीचा हात

परभणीत सोनोग्राफीचं यंत्र नवंच आलं होतं. मुंजाजीच्या यकृतात, हृदयाला लागूनच पू झाला होता. "छाती धडधडतेय, त्यानं पडद्यावरचं चित्र हलतंय," डॉक्टर म्हणाले. "अशात सुई घातली तर हृदयाला लागेल. त्यांना शांत करा." थोरल्या बायकोनं, सोजरबाईनं, नवऱ्याचा हात धरला, कपाळ कुरवाळलं. धडधड ओसरेना. शेवटी दाराशी जाऊन ती बाहेर बसलेल्या सवतीला म्हणाली, "दैवशाला, आत ये. माझ्या हातानं त्यायचं काळीज थाऱ्यावर येईना." धाकटीनं नुसता हात हातात घेतला. मुंजाजीनं डोळे मिटले. चित्र स्थिर झालं. सोजरबाईनं आपला हात पदराखाली घेतला. "आता जमेल," डॉक्टर दैवशालेकडे बघत म्हणाले. "बायको राहू द्या, बाकीचे बाहेर थांबा." आपण कोण, हे न सांगता ती बाहेर गेली. पू निघाल्याचं कळताच तिनं हात जोडले. आत जायला मात्र पाय उचलेना.